बेंगळुरूत घटस्फोटाचा दावा : वकील कसा शोधावा, वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी काय पाहावे

बेंगळुरू : नोकरी-व्यवसायानिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी दाम्पत्यांमधील वाद न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला, की ‘चांगला वकील कोण’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. मात्र लग्न महाराष्ट्रात, संसार कर्नाटकात आणि पती-पत्नींपैकी एकजण आता तिसऱ्याच शहरात, अशी स्थिती असेल तर दावा कोणत्या न्यायालयात, कोणत्या कायद्याखाली आणि संमतीने की एकतर्फी दाखल करायचा, हे आधी निश्चित करावे लागते. ते निश्चित न करता वकीलपत्रावर सही केल्यास पुढे दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग होण्याची, वकील बदलण्याची आणि दुहेरी खर्चाची वेळ येऊ शकते. ही निवड करताना पक्षकारांना उपयुक्त ठरतील अशा कायदेशीर तरतुदी आणि व्यवहारातील बाबी येथे संकलित केल्या आहेत.

कौटुंबिक न्यायालयात वकिलाचे स्थान

बेंगळुरू शहराचे कौटुंबिक न्यायालय एच. सिद्धय्या मार्गावरील ‘न्याय देगुल’ या इमारतीत आहे. कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरण आणि बेंगळुरू मध्यस्थी केंद्र यांची कार्यालयेही याच संकुलात आहेत. केम्पेगौडा मार्गावरील दिवाणी न्यायालयाचे संकुल निराळे असल्याने प्रथमच येणाऱ्यांनी पत्त्याची खात्री करून घ्यावी.

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायहिताच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास न्यायालय न्यायमित्राचे साहाय्य घेऊ शकते. व्यवहारात वकील नेमण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला जातो आणि तो सामान्यतः मंजूर होतो. तरीही कायद्याचा रोख स्पष्ट आहे. वाद पती-पत्नींचा असल्याने त्यांनी स्वतः न्यायालयासमोर यावे, अशी त्याची अपेक्षा आहे. कलम ९ अन्वये तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. त्यामुळे समुपदेशक आणि मध्यस्थ यांच्यासमोर पक्षकाराला स्वतः बोलावे लागते. ‘तुम्हाला एकदाही न्यायालयात यावे लागणार नाही’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते तपासून घेणे इष्ट. दूरदृश्य प्रणालीद्वारे हजर राहण्याची मुभा न्यायालयाकडे मागता येते. ती देणे न देणे न्यायालयाच्या अधिकारात असते.

आधी न्यायालय, मग वकील

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १९ मध्ये अधिकारक्षेत्राचे निकष दिलेले आहेत. विवाह जेथे झाला ते ठिकाण, प्रतिवादी जेथे राहतो ते ठिकाण, किंवा दोघे शेवटचे जेथे एकत्र राहिले ते ठिकाण, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ मधील दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असल्यास ती ज्या ठिकाणी राहत आहे तेथेही तिला दावा दाखल करता येतो. प्रतिवादी परदेशात असल्यास अर्जदाराच्या निवासस्थानी दावा चालू शकतो.

एक उदाहरण घेऊ. विवाह कोल्हापुरात झाला, शेवटचा एकत्र निवास बेंगळुरूतील व्हाइटफिल्ड येथे होता आणि पत्नी आता नाशिकला माहेरी राहते. अशा वेळी पतीसाठी कोल्हापूर, बेंगळुरू आणि नाशिक हे तिन्ही पर्याय कायद्याने खुले असतात. पत्नीलाही याच तीन ठिकाणी अर्ज करता येतो; पती बेंगळुरूबाहेर राहावयास गेला असल्यास त्याचे नवे ठिकाण हा तिच्यासाठी चौथा पर्याय ठरतो. पतीने बेंगळुरूत दावा लावला आणि पत्नीला तेथे येणे अशक्य असेल, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा वर्ग करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ अन्वये सर्वोच्च न्यायालयाला आहे. वैवाहिक प्रकरणांत अशा अर्जांवर निर्णय देताना पत्नीची सोय, मुलांचे वय आणि आर्थिक स्थिती विचारात घेतली जाते. दोघांनीही वेगवेगळ्या न्यायालयांत घटस्फोटाचे अर्ज केले, तर कलम २१-अ नुसार नंतरचा अर्ज आधीच्या न्यायालयाकडे वर्ग होऊन दोन्ही एकत्र चालविण्याची तरतूद आहे.

म्हणून बेंगळुरूतील वकील नेमण्यापूर्वी दावा बेंगळुरूतच टिकेल का, हा प्रश्न त्यालाच प्रथम विचारावा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३० नुसार कोणत्याही राज्य बार कौन्सिलकडे नोंदणीकृत वकील देशात कोठेही वकिली करू शकतो. ही तरतूद १५ जून २०११ पासून अमलात आहे. त्यामुळे पुण्याचा परिचित वकील बेंगळुरूत उभा राहू शकतो. परंतु प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च, कन्नड भाषेचे ज्ञान आणि स्थानिक कामकाजाचा परिचय यांचा विचार करता दैनंदिन कामासाठी बेंगळुरूतील वकील सोयीचा ठरतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा अन्य कागद मराठीत असल्यास त्यांचे भाषांतर लागू शकते, हेही आधीच विचारून घ्यावे.

कोणता कायदा, कोणता मार्ग

हिंदू विवाह अधिनियम हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली झालेल्या विवाहांचा घटस्फोट त्याच कायद्याखाली होतो. ख्रिस्ती आणि पारशी विवाहांसाठी अनुक्रमे १८६९ आणि १९३६ चे अधिनियम आहेत, तर मुस्लिम विवाहाच्या विघटनासाठी १९३९ चा अधिनियम महिलांना न्यायालयात जाण्याचा मार्ग देतो. विवाह कोणत्या कायद्याखाली झाला हे नोंदणी दाखल्यावरून कळते. पहिल्या भेटीत तो दाखला सोबत असावा.

हिंदू विवाह अधिनियमाखाली दोन मार्ग आहेत. कलम १३ अन्वये क्रूरता, परित्याग आदी कारणे सिद्ध करून एका पक्षाला घटस्फोट मागता येतो. कलम १३-ब अन्वये दोघांच्या संमतीने अर्ज करता येतो. त्यासाठी किमान एक वर्ष विभक्त राहणे आवश्यक असते. पहिला अर्ज आणि अंतिम प्रस्ताव यांच्यात सहा महिन्यांचा अवधी कायद्यात सांगितला आहे. हा अवधी बंधनकारक नसून परिस्थितीनुसार माफ करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात दिला. मात्र त्यासाठी विभक्त राहण्याचा आवश्यक काळ आधीच उलटलेला असणे, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरणे आणि पोटगी, मुलांचा ताबा यांसारख्या बाबींवर खरा समझोता झालेला असणे, अशा अटी न्यायालय पाहते.

‘संसार पुन्हा जुळण्यापलीकडे मोडला आहे’ या एकाच कारणावर कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश विरुद्ध वरुण श्रीनिवासन या प्रकरणात हा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतः सर्वोच्च न्यायालयाला असल्याचे स्पष्ट केले. त्या निकालाचा दाखला देऊन खालच्या न्यायालयात झटपट निकालाची हमी दिली जात असल्यास सावध राहावे. त्याचप्रमाणे मुद्रांक कागदावर लिहून नोटरीकडे नोंदविलेली सोडचिठ्ठी हा न्यायालयीन घटस्फोट नव्हे. रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला कायद्याच्या कलम २९ मध्ये संरक्षण आहे, परंतु ती रूढी त्या समाजात अस्तित्वात आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. केवळ अशा कागदाच्या आधारे दुसरा विवाह केल्यास तो अवैध ठरण्याचा धोका असतो.

नाव कोठून मिळवावे

भारतीय बार कौन्सिलच्या नियमावलीतील नियम ३६ अन्वये वकिलांना जाहिरात करण्यास आणि काम मिळविण्यासाठी मध्यस्थ वापरण्यास मनाई आहे. २००८ मधील दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देता येते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, संकेतस्थळांवरून वकिली सेवा बाजारातील वस्तूप्रमाणे देऊ करण्याच्या प्रथेवर ताशेरे ओढून बार कौन्सिलला कारवाईचे निर्देश दिले होते. त्यामुळे ‘पहिल्या क्रमांकाचा वकील’, ‘अमुक दिवसांत घटस्फोट’ अशा मजकुरावर विसंबून निवड करणे योग्य नव्हे. अशी जाहिरात करणारा वकील नियमाचा भंग करीत असतो.

नावे मिळविण्याचे जुने मार्ग आजही उपयोगी आहेत. मालमत्ता किंवा करविषयक काम पाहणारा परिचित वकील कौटुंबिक न्यायालयात नियमित काम करणाऱ्या सहकाऱ्यांची नावे सांगू शकतो. याच न्यायालयातून नुकतेच गेलेले परिचित आपला अनुभव सांगू शकतात. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीचाही उपयोग होतो. किमान दोन-तीन वकिलांना भेटून मग निर्णय घ्यावा. एकाच भेटीत निर्णय घेण्याचे बंधन नाही.

मिळालेल्या नावाची पडताळणी दोन प्रकारे करता येते. पहिली, नोंदणी क्रमांक विचारून संबंधित राज्य बार कौन्सिलकडे खात्री करणे. कर्नाटकची स्वतंत्र बार कौन्सिल बेंगळुरूत आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील वकिलांची नोंद दोन्ही राज्यांच्या संयुक्त बार कौन्सिलकडे असते. दुसरी, ई-न्यायालय सेवेच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधणे. त्यावरून हा वकील कौटुंबिक न्यायालयात प्रत्यक्ष किती प्रकरणे चालवतो, याचा अंदाज येतो. ‘ज्येष्ठ विधिज्ञ’ हा अधिवक्ता अधिनियमाच्या कलम १६ खालील दर्जा आहे. असे विधिज्ञ थेट वकीलपत्र स्वीकारत नाहीत. ते दुसऱ्या वकिलामार्फत उभे राहतात.

पहिल्या भेटीत

पहिल्या भेटीस जाताना विवाहाचा दाखला, दोघांच्या पत्त्यांचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले, उत्पन्नाची कागदपत्रे, घर आणि कर्जाचे कागद, तसेच वादाशी संबंधित पत्रव्यवहार कालक्रमाने लावून न्यावा. घटनांची तारीखवार टिपण सोबत असल्यास वेळ वाचतो. मूळ कागद आपल्याकडे ठेवून प्रती द्याव्यात.

वकिलाला सांगितलेली माहिती गोपनीय असते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये या गोपनीयतेला संरक्षण आहे. त्यामुळे अडचणीची बाबही लपवू नये. ती उलटतपासणीत समोरून पुढे आल्यास अधिक नुकसान होते. विशेषतः उत्पन्नाबाबत हे लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीच्या सर्व प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले आहे. पगार, समभाग किंवा मालमत्ता लपविण्याचा सल्ला देणारा वकील पक्षकाराला अडचणीत टाकतो.

वकिलाला विचारण्याचे प्रश्न साधे असावेत. तारखेला आपण स्वतः हजर राहणार की कनिष्ठ सहकारी? मसुदा दाखल होण्यापूर्वी वाचावयास मिळेल का? पोटगी, मुलांचा ताबा, कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखालील अर्ज किंवा फौजदारी तक्रार ही कामे आपणच पाहणार का? यांपैकी काही प्रकरणे दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालत असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समेटाची शक्यता कितपत वाटते, हेही विचारावे. निकालाची हमी न देता दोन्ही बाजूंच्या शक्यता सांगणारा सल्ला अधिक विश्वासार्ह मानावा.

दोघांपैकी कोणी परदेशात असल्यास तेथील न्यायालयाचा घटस्फोट भारतात ग्राह्य धरला जाईल का, याची स्वतंत्र चौकशी करावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या प्रकरणात यासाठी कसोट्या घालून दिल्या आहेत. विवाह ज्या कायद्याखाली झाला त्यानुसार अधिकारक्षेत्र आणि कारण नसलेला परदेशी हुकूमनामा, काही अपवाद वगळता, येथे मान्य होत नाही.

शुल्क आणि पावती

वकिलाचे शुल्क सर्वांसाठी एकच ठरलेले नसते. संपूर्ण दाव्यासाठी ठोक रक्कम, टप्प्याटप्प्याने रक्कम किंवा प्रत्येक तारखेस रक्कम, असे प्रकार प्रचलित आहेत. संमतीच्या घटस्फोटात ठोक रक्कम सोयीची असते. लढाऊ दावा किती काळ चालेल हे सांगता येत नसल्याने त्यात टप्पे ठरवून घेणे बरे. अर्ज, अंतरिम पोटगी, पुरावा, युक्तिवाद आणि अपील यांपैकी कशाचा समावेश आहे, टंकलेखन, भाषांतर व न्यायालयीन खर्च वेगळा आहे का, हे लेखी घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी.

बार कौन्सिलच्या नियम २० नुसार दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारे शुल्क किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा ठरविण्यास मनाई आहे. पोटगीच्या रकमेतील टक्केवारी मागितली गेल्यास ती नियमबाह्य आहे.

स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या जोडीदारासाठी कलम २४ ची तरतूद महत्त्वाची आहे. दावा चालू असताना निर्वाहखर्चाबरोबरच दाव्याचा खर्चही समोरील पक्षाकडून मागता येतो. हा अर्ज पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही करू शकतो. समोरील पक्षास नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो.

मोफत विधी सहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि बालकांना उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले पुरुषही यास पात्र आहेत. नोकरी करणाऱ्या महिलेलाही हा अधिकार आहे, याची अनेकांना कल्पना नसते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर देशातून कोठूनही चौकशी करता येते. बेंगळुरूतील पक्षकारांना न्याय देगुल येथील कार्यालयात प्रत्यक्ष जाऊनही माहिती घेता येते.

संमतीच्या अर्जात एक वकील की दोन?

संमतीचा अर्ज एकाच वकिलाकडून तयार करून घेण्याची पद्धत आहे आणि त्याने खर्च वाचतो. तरीही पोटगी, घराचा वाटा आणि मुलांचा ताबा याबाबत दोघांचे हित एक नसते. त्यामुळे मसुद्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेणे हिताचे. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी उभे राहू नये, असा बार कौन्सिलचा नियमही आहे.

याची दोन कायदेशीर कारणे आहेत. अंतिम हुकूमनामा होईपर्यंत कोणताही पक्ष संमती मागे घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेश्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून संपूर्ण रक्कम आधीच हाती देणे किंवा सर्व हक्क आधीच सोडून देणे जोखमीचे ठरते. रकमेचे हप्ते आणि त्यांच्या तारखा अर्जातच नमूद असाव्यात. दुसरे असे की संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ नुसार अपील करता येत नाही. न वाचता केलेल्या सहीची दुरुस्ती त्यामुळे फार अवघड होते.

वकीलपत्र, वकील बदलणे आणि तक्रार

वकीलपत्र म्हणजे आपल्या वतीने न्यायालयात काम करण्याचा लेखी अधिकार. त्यात तडजोड करणे, पैसे स्वीकारणे, दावा मागे घेणे असे अधिकार छापील मजकुरात असू शकतात. ते वाचून, नको असलेले अधिकार वकिलाशी बोलून काढून टाकावेत. कोऱ्या कागदावर किंवा मुद्रांकावर सही करू नये. दाव्याचा सीएनआर क्रमांक मिळताच तो जपून ठेवावा. त्या आधारे पुढील तारीख आणि झालेले आदेश पक्षकाराला स्वतः पाहता येतात.

वकील बदलण्याचा अधिकार पक्षकाराला केव्हाही असतो. त्यासाठी पूर्वीच्या वकिलाचे ना-हरकत पत्र किंवा न्यायालयाची परवानगी घेतली जाते. शुल्क थकले या कारणास्तव पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात दिला आहे. वकिलाने स्वतःहून काम सोडल्यास पुरेसे कारण आणि पूर्वसूचना देणे, तसेच न केलेल्या कामाचे शुल्क परत करणे नियमाने अपेक्षित आहे.

वकिलाच्या सेवेबाबत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी स्पष्ट केले. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ अन्वये संबंधित राज्य बार कौन्सिलकडे करावी लागते. तेथे एका वर्षात निर्णय न झाल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. लेखी करार, पावत्या आणि संदेश जपून ठेवण्याचे महत्त्व येथेही दिसून येते.

निकालानंतरचे काम

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेणे, अपिलाची मुदत विचारून घेणे आणि पोटगी, मुलांच्या भेटी याबाबतच्या आदेशांची नोंद ठेवणे ही कामे निकालानंतर लगेच करावीत. लढाऊ दाव्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील फेटाळले जाईपर्यंत पुनर्विवाह करता येत नाही, अशी कलम १५ ची तरतूद आहे. अपिलाचे काम कर्नाटक उच्च न्यायालयात चालते आणि त्यासाठी नवे वकीलपत्र द्यावे लागते. ते देतानाही न्यायालय, कायदा, शुल्क आणि अधिकार या चार बाबी नव्याने विचारून घ्याव्यात.